वाड्याच्या तुळया, मागाचं भंगार आणि घरचं फर्निचर: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतला एखादा वाडा उतरवला जातो, एखाद्या कारखानदाराचे माग भंगारात निघतात, एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटबाहेर पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचा, ढीग पडतो. मग कोणीतरी फोटो पाठवून विचारतं, ‘यातून घरासाठी काही होईल का?’ बहुतेक वेळा होतं. पण काय होईल आणि काय करू नये, हे त्या ढिगात काय आहे त्यावर ठरतं. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मला टीव्हीखाली ठेवायला युनिट करायचं आहे. त्यासाठी कुठलं जुनं लाकूड शोधू?

उलटं सुरू करा. आधी माल बघा, मग वस्तू ठरवा. आठ बाय चारच्या नव्या प्लायमधून हवा तो आकार कापता येतो. जुन्या मालाची लांबी, जाडी, खाचा, भोकं सगळं आधीच ठरलेलं असतं. छताच्या कड्यांचे (आडव्या लाकडी दांड्यांचे) तीन-साडेतीन फुटी तुकडे हाती असतील तर त्यांचं बाकडं छान होईल. त्याच तुकड्यांतून पाच फुटी युनिट काढायला गेलात तर मध्ये जोड येणार, जोड झुकणार, मग खाली पाय लावावा लागणार, आणि शेवटी निम्मं लाकूड नवं विकत आणलेलं असणार. मोबाईलवर बघितलेलं डिझाइन घेऊन भंगारात जाणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. टेप, चुंबक आणि मोकळं डोकं घेऊन जा.

हा माल सोलापुरात मिळतो कुठे?

तीन वाटा आहेत. पहिली, पाडकाम. साखर पेठ, शुक्रवार पेठ, बाळीवेस, तुळजापूर वेस या जुन्या भागांत माळवदाची (मातीच्या सपाट छताची) आणि कडीपाटाची (कड्यांवर लाकडी पाट टाकलेल्या छताची) घरं अजून उतरवली जातात. पाडकामाचा ठेकेदार लाकूड एकगठ्ठा विकतो. त्यामुळे घर पडण्याआधी मालकाशी बोललेलं बरं. एकदा जेसीबी लागला की तुळई मधोमध फुटते आणि दाराची चौकट पिरगळते. हाताने उतरवलेल्या लाकडाला थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजा.

दुसरी वाट यंत्रमागाची. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांत बंद पडलेले माग वजनावर जातात. भंगारवाल्याला त्यातलं लोखंड हवं असतं. लाकडी भाग तो बाजूला फेकतो, तेवढेच मागून घ्यायचे.

तिसरी वाट पॅलेटची. चिंचोळी एमआयडीसीत आणि ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ते पडून असतात.

कुठूनही घेतलंत तरी कच्ची का होईना, पावती घ्या.

माळवदाच्या घरातलं कुठलं लाकूड घ्यावं, कुठलं सोडावं?

माळवदात खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचण (बारीक लाकडांचा थर) आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. माती वरून ओल धरते, म्हणून किलचण आणि कड्यांची वरची बाजू आधी खराब होते. त्याहून वाईट जागा म्हणजे भिंतीत गेलेलं तुळईचं टोक. तिथे हवा लागत नाही आणि वाळवी भिंतीतून थेट आत शिरते. तुळई बाहेरून कितीही भक्कम दिसली तरी दोन्ही टोकांना पटाशी टोचून बघा. पटाशी भसकन आत गेली तर तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेल्या लांबीचेच पैसे द्यायचे. मधला भाग हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे.

किलचण फर्निचरच्या कामाची नाही. कड्या आणि पाट मात्र सोन्यासारखे. इतकी वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड आज वखारीत पैसे मोजूनही मिळत नाही.

एक विनंती. नक्षीचा दरवाजा, कोरीव खांब किंवा गणेशपट्टी हाती आली तर कापू नका. अखंड ठेवा, नाहीतर ते जपेल अशा कोणाला तरी द्या. कोरीव दाराचे तुकडे करून केलेला टीपॉय फोटोत चांगला दिसतो, पण एवढी नक्षी कोरणारे हात आज मिळणं कठीण आहे.

हे सागवानच आहे हे कसं ओळखायचं?

रंध्याने किंवा चाकूने एक जागा सोलून बघा. आतून सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास आला तर साग. आपल्या भागात सगळंच सागवान नसतं. बाभूळ आणि कडुनिंब भरपूर वापरलेत. बाभूळ लालसर, वजनाला भारी आणि इतकी कडक की खिळा वाकतो. बैलगाडी आणि औतासाठी तीच वापरत, त्याचं कारण हेच. तिला कमी लेखू नका. बाकडं, स्टूल किंवा पलंगाचे पाय करायला बाभूळ उत्तम. फक्त आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालायचा नाही. आणि ओल्या जागी तिला साधा लोखंडी खिळा मारायचा नाही, त्याभोवती काळा डाग पसरतो.

लाकडातून पिठासारखा भुसा पडतो. फेकून द्यायचं का?

बारीक भोकं आणि खाली पिवळसर पीठ म्हणजे भुंगा. भोकं फक्त कडेच्या पांढऱ्या लाकडात असतील तर तो भाग तासून काढा, आतलं लाकूड बहुधा सुरक्षित असतं. भोकं जुनी आहेत की आत किडा अजून जिवंत आहे, हे बघायला लाकूड काळ्या कागदावर काही दिवस ठेवा. ताजं पीठ पडलं तर किडा जिवंत आहे. असं लाकूड घरातल्या बाकीच्या फर्निचरजवळ आणू नका. उघड्या लाकडावर बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं कोमट पाण्यातलं द्रावण दोन-तीन हात मुरवता येतं. ते काम पॉलिशच्या आधी करायचं, कारण पॉलिशमधून द्रावण आत जात नाही.

वाळवीचं गणित निराळं. ती लाकडात कमी आणि जमिनीत जास्त असते. लाकूड स्वच्छ केलं आणि वस्तू ओल्या भिंतीला टेकवून ठेवली तर ती परत येणारच.

वखारवाला जुनं लाकूड चिरून द्यायला नाही म्हणतो. का?

आतल्या खिळ्यांमुळे. एक दडलेला खिळा करवतीच्या पट्ट्याचे दात उडवतो, आणि तुटलेला पट्टा माणसाला लागू शकतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे. चुंबक लाकडावरून सावकाश फिरवा, खिळा सापडला की खडूने खूण करा. खिळा खेचून निघत नसेल तर मागून ठोकून पुढे काढा. डोकं तुटलं असेल तर भोवतीचं लाकूड पटाशीने उकरून पकडीने धरा. सगळे खिळे काढून, खुणा दाखवत गेलात तर बहुतेक जण चिरून देतात. पट्ट्याला धार लावायचे पैसे वेगळे मागितले तर घासाघीस करू नका.

पॅलेट घरात वापरायला सुरक्षित असतात का?

शिक्का बघा. परदेशी मालाबरोबर फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि त्याशेजारी अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलेलं आहे. ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरात आणायचं कारण नाही. शिक्काच नसेल तर पॅलेट बहुधा देशातल्या देशात फिरलेला. तो कशासाठी वापरला होता ते विचारा, डाग आणि वास बघा. रंगाच्या, कीटकनाशकाच्या किंवा रसायनाच्या गोण्या वाहिलेला पॅलेट कितीही घासला तरी वास सोडत नाही.

पॅलेट बहुतेक पाइनचे, मऊ लाकडाचे. पट्ट्या अर्धा-पाऊण इंच जाडीच्या. पुस्तकांचं शेल्फ, बाल्कनीतला सोफा, कुंड्यांचा स्टँड यांना ठीक. जेवणाच्या टेबलाला नको. पट्ट्या पारईने उचकटल्या की चिरतात, त्यामुळे फटीत लोखंड कापायचं पातं घालून खिळेच कापा.

मागाच्या भागांचं काय काय होतं?

हा आपल्या गावचा खास माल. इतर बऱ्याच शहरांत यासाठी पुरातन वस्तूंच्या दुकानात जावं लागतं, इथे तो गल्लीत पडलेला असतो.

धोटे (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे फिरणारे) सगळ्यांना आवडतात. कडक लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मधे सुताच्या कांडीची पोकळी. भिंतीवरच्या पट्टीला ओळीने लावले की कपडे अडकवायच्या खुंट्या होतात. पण टोकं अणकुचीदार असतात. लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नका, किंवा टोकं ग्राइंडरवर बोथट करून घ्या.

रिकाम्या लाकडी कांड्यांची ड्रॉवरची मुठ होते. जकार्डच्या (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यापासून अडगळीत पडल्यात. टीपॉयच्या काचेखाली त्या पसरल्या तर टेबलावर एका चादरीचं डिझाइन कायमचं राहतं. पुठ्ठा ओल धरतो, म्हणून काचेच्या कडा सिलिकॉनने बंद करा.

जुन्या हातमागाची चौकट मिळाली तर नशीब समजा. जाड, लांब, सरळ लाकूड, आणि खाचा आधीच पाडलेल्या. त्यातून पलंग किंवा झोपाळ्याची चौकट करता येते. खाचा पुट्टी भरून बुजवू नका. त्यातच आडवा दांडा बसवून पाचर मारा, स्क्रूची गरज पडत नाही.

यंत्रमागाच्या बाजूच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चौकटींना काचेच्या टेबलाचे पाय म्हणून मागणी आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवा. वजन प्रचंड, त्यामुळे वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर आधी जिना बघा. बीड साध्या वेल्डिंग रॉडने जोडलं तर तडकतं. त्याला निकेलचा रॉड आणि जाणकार वेल्डर लागतो, त्यापेक्षा असलेल्या भोकांतून नटबोल्ट मारणं शहाणपणाचं. आणि कडा खरबरीत असतात, पायाला लागतात.

मागाच्या सगळ्या लाकडाची एक खोड आहे. त्यात वंगण मुरलेलं असतं आणि त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. जोडायची जागा थिनरने दोन-तीनदा पुसा, वरचा थर तासा, तरी भरवसा बोल्टवरच ठेवा. सागालाही जोडण्याआधी थिनरचं फडकं मारलेलं चांगलं, कारण त्याचं स्वतःचं तेल असतं.

जुन्या दारांवरचा ऑइलपेंट मशीनने घासून काढू का?

नको. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 चे, आणि ते लागू झाले नोव्हेंबर 2017 मध्ये. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चाला. जुन्या दारावर थरावर थर असतात, खालचे थर जास्त संशयास्पद. कोरडं घासलं की शिशाची धूळ घरभर होते, आणि तिचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो. पेंट रिमूव्हर लावून खरवडा, किंवा पाणी मारत ओला पॉलिश पेपर वापरा. खरवडलेला रंग पेपरात गुंडाळून टाका, अंगणात झाडू नका. गॅसच्या ज्योतीने रंग जाळायची पद्धत तर अजिबात नको, धूर थेट छातीत जातो.

किमान कोणती हत्यारं लागतील?

टेप, गुण्या, करवत, हातोडी, पकड, दोन पटाश्या, ड्रिल मशीन, दोन-तीन शिकंजे आणि 80, 120, 220 नंबरचे पॉलिश पेपर. रंधा असला तर उत्तम. बाकी लागेल तसं. चष्मा आणि मास्कसाठी मात्र ‘लागेल तसं’ चालणार नाही.

खिळे मारू, स्क्रू लावू की सांधे करू?

खिळा फक्त पाठीमागच्या पातळ प्लायला. बाकी ठिकाणी स्क्रू. जुनं कडक लाकूड असेल तर आठ नंबरच्या स्क्रूला आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण घासा. पितळी स्क्रू वापरायचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा आत-बाहेर करा, नाहीतर पितळेचं डोकं हातात येतं.

खुर्ची आणि बाकडं मात्र हलत्या माणसाचं वजन झेलतात. तिथे कुसू आणि भोकाचाच सांधा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसते तो) हवा, किंवा आरपार बोल्ट. तो सांधा जमत नसेल तर तेवढंच काम सुताराकडून करून घ्या. यात कमीपणा काही नाही. जुन्या मिस्त्रींना ‘मामा, एवढा सांधा दाखवा की’ म्हटलं तर पैसे घेतील, पण शिकवतीलही.

पावसाळ्यात केलेल्या टेबलाचा फळा मे महिन्यात मधोमध फाटला. लाकूड खराब होतं का?

लाकूड चांगलंच होतं, त्याला जखडलं गेलं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेबरोबर फुगतं-आकसतं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, त्यातही सप्टेंबरमध्ये जोर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठक्क. दोन फूट रुंद सागाचा फळा या दोन टोकांमध्ये सूत-दीड सूत कमी-जास्त होऊ शकतो. दीड सूत म्हणजे तीन-षोडशांश इंच. ऐकायला थोडं, पण फळा खालच्या चौकटीला चारही बाजूंनी घट्ट स्क्रूने आवळला असेल तर आकसायला जागा नसते आणि तो सगळ्यात कमजोर रेषेत फाटतो.

उपाय सोपा. मधल्या रेषेवरचे स्क्रू घट्ट मारा. दोन्ही कडांकडच्या स्क्रूंसाठी चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि खाली वॉशर लावा. फळा सरकेल, फाटणार नाही. फळ्याच्या टोकांना आडवी पट्टी लावायची हौस असेल तर तीही फक्त मध्यभागी चिकटवा. आणि पॉलिश वरून लावलं तेवढंच खालूनही लावा. एकाच बाजूला लावलं तर उघडी बाजू लवकर सुकते आणि फळा वाडग्यासारखा वाकतो.

वाड्याचं लाकूड एसीच्या खोलीत जाणार असेल तर कामाला लागण्याआधी काही आठवडे त्याच खोलीत उभं करून ठेवा.

बैठक विणायला काय वापरावं?

सुंभ आणि नवार तर आहेच. पण सोलापुरात राहून टॉवेलच्या कारखान्यातली किनारीची चिंधी वापरली नाही तर काय उपयोग? माग चालताना कापडाच्या कडेची पट्टी कापली जाते, ती गुंडाळ्यांनी विकली जाते. तीन पट्ट्यांची वेणी घाला, चौकटीवर उभी ताणून बांधा, मग आडवी एक खाली एक वर. सुती असल्याने पहिल्या महिन्यात सैल पडते, म्हणून शेवटची गाठ सुटेल अशीच ठेवा आणि परत ताणा. बाजेला पायथ्याशी दावण असते ती याचसाठी.

जुन्या सोलापुरी चादरी गादीच्या आणि उशांच्या खोळींना फार टिकतात. फाटलेला मधला भाग काढून काठाकडचा वापरा. डिझाइन दोन्ही अंगांनी दिसतं, त्यामुळे खोळ उलटवून वापरता येते.

एक सुचवणं. आपल्याकडे कितीतरी बायका दिवसभर जमिनीवर बसून विड्या वळतात, पाठीला टेकू नसतो. पाच-सहा इंच उंचीची, पाठ असलेली, चिंध्यांनी विणलेली ठेंगणी बैठक जुन्या कड्यांच्या तुकड्यांतून सहज होते. घरात किंवा शेजारी एखादी अक्का असेल तर टीव्ही युनिटच्या आधी ही करा.

मापं काय धरावीत?

खुर्चीच्या बैठकीची उंची 17 ते 18 इंच, जेवणाच्या टेबलाची 29 ते 30 इंच, पुस्तकांच्या कप्प्याची खोली 10 ते 12 इंच. 18 मिलिमीटर प्लायचा पुस्तकांचा कप्पा अडीच फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये टेकू द्या. गादी आधी मोजा, पलंग नंतर.

पॉलिश कुठलं?

जुन्या सागाला चपडा (लाखेचं) पॉलिश सगळ्यात देखणं, पण गरम कप आणि पाण्याचा डाग त्याला सोसत नाही. जेवणाच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन लावून घ्या. घरच्या घरी करायचं तर जवसाचं तेल पातळ हाताने लावा, पंधरा मिनिटांनी पुसा, दुसऱ्या दिवशी परत.

या तेलाबाबत एक इशारा, आणि तो गमतीने घेऊ नका. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर काळजी दुप्पट. फडकं पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळतायत. घ्यावेत का?

घरात नको. ते टिकावेत म्हणून त्यांना बहुधा क्रिओसोट (डांबरापासूनचं रसायन) पाजलेलं असतं. उन्हात त्याचा वास सुटतो, अंगाला लागलं तर त्वचेला त्रास होतो, आणि कापताना उडणारी धूळ तर अजिबात चांगली नाही. शिवाय रेल्वेचं सामान बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे. लिलावाची कागदपत्रं नसलेला स्लीपर स्वस्त मिळाला तरी हात लावू नका.

रंगाचे रिकामे ड्रम कापून खुर्च्या करता येतील?

डाइंगवाल्यांकडचे ड्रम गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो, रिकामा दिसणारा ड्रमही त्याला अपवाद नाही. खाद्यतेलाचा ड्रम असेल आणि नीट धुतलेला असेल तर गोष्ट वेगळी, तरी कापायचं काम फॅब्रिकेशनवाल्यालाच द्या. तसाच सिमेंटचा जुना पत्रा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तो कापायचाच नाही.

एवढा खटाटोप कशाला? रेडिमेड घेतलं की संपलं की!

पैसे वाचवायचा एवढाच हेतू असेल तर हिशेब नीट करा. लाकूड स्वस्त पडतं. टेम्पो, चिराई, ड्रिलची पाती, स्क्रू, पॉलिश आणि तुमचे रविवार धरले तर भुश्याच्या बोर्डाचं रेडिमेड कपाट स्वस्त पडेल. तुलना करायची ती नव्या अस्सल सागाच्या वस्तूशी, तिथे जुनं लाकूड हमखास जिंकतं. पाण्याचा एक लोट फरशीवरून गेला की बोर्डाचं कपाट खालून फुगतं. सागाचं बाकडं पुसून उन्हात ठेवलं की झालं.

तयार वस्तू गच्चीवर कायम ठेवली तर चालेल?

साग किंवा बाभूळ असेल तर चालेल, पाइन आणि प्लाय नाही. पायांच्या तळाला रबरी बूच लावा, म्हणजे साचलेलं पाणी लाकडात चढणार नाही. वरच्या फळ्यांमध्ये दोन सुतांची फट ठेवा. दर वर्षी मृगाच्या आधी तेलाचा एक हात द्या. ऊन लागून साग राखाडी पडतो, त्याने मजबुती कमी होत नाही. रंग परत हवा असेल तर 120 नंबरचा पेपर मारून तेल लावा.